स्टेकचा रस आत ‘कोंडला’ जात नाही

दोघांसाठी घरी स्टेकचा, म्हणजे तव्यावर भाजायच्या मांसाच्या अखंड तुकड्याचा, खास बेत ठरला की फोनवर हा सल्ला हमखास येतो: ‘कडक तव्यावर टाकताच स्टेकचं तोंड बंद होतं आणि रस आत कोंडला जातो. म्हणून आच मोठी ठेवा, एकदाच उलटा, टोचू नका, मीठ वाढताना घाला. आतून लाल दिसला तर ते रक्त आहे, अजून शिजवा.’ या सल्ल्यापायी चांगलं महागाचं मांस वातड झालेलं मी फार वेळा खाल्लंय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

रस कोंडण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे १८४७ च्या सुमारास पसरली. ती चुकीची आहे, हे तव्याजवळ उभं राहिलं तरी कळतं. स्टेक टाकल्यावर जो चर्र आवाज येतो, तो मांसातून सुटलेल्या पाण्याची वाफ होण्याचा. तोंड बंद झालं असतं, तर तो मिनिटभरात थांबला असता. तो शेवटपर्यंत थांबत नाही. वरच्या बाजूकडे बघा, तिथेही रसाचे बारीक थेंब फुटलेले दिसतात.

मग मोठी आच कशाला? चवीला. तपकिरी खरपूस थर मायार प्रक्रियेने, म्हणजे मांसातली प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या रासायनिक क्रियेने येतो, आणि ती नीट व्हायला पृष्ठभाग १०० अंशांच्या बराच वर तापावा लागतो. पृष्ठभाग ओला असेल तर सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते, तापमान १०० अंशांपाशी अडतं आणि मांस करड्या रंगाचं, उकडल्यासारखं होतं. म्हणून तव्यावर टाकण्याआधी स्टेक कागदी रुमालाने अगदी कोरडा टिपा. त्या दोन मिनिटांनी जितका फरक पडतो, तितका दुसऱ्या कशानेच नाही. लोणी मात्र शेवटी घाला, सुरुवातीला घातलं तर करपतं.

रस टिकतो तो आतल्या तापमानावर. मांस तापत जातं तशी त्यातली प्रथिनं आवळतात आणि पाणी बाहेर पिळतात. ५५ अंश सेल्सिअसला स्टेक गुलाबी आणि रसाळ असतो, ७० च्या पुढे कोरडा पडतो. हे अंदाजाने कळत नाही, थर्मामीटर लागतो. टोचल्याने रस वाहून जाईल ही भीती निराधार आहे. मांस म्हणजे पाण्याने भरलेला फुगा नव्हे, सुईच्या भोकातून दोन थेंब जातील, एवढंच.

एकदाच उलटण्याच्या नियमालाही आधार नाही. दर अर्ध्या मिनिटाने उलटला तर स्टेक दोन्हीकडून सारखा आणि लवकर शिजतो, कडेचा करडा पट्टा पातळ राहतो.

मीठ वाढताना घालू नका, निदान पाऊण तास आधी लावा. आधी पाणी सुटतं, त्यात मीठ विरघळतं, मग ते मांसात परत मुरतं. तेवढा वेळ नसेल तर अगदी तव्यावर टाकताना लावा. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत पृष्ठभाग ओला असतो, तेव्हा टाकू नका.

आणि ते लाल पाणी रक्त नाही. रंग स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा आहे. तेवढ्यासाठी स्टेक वाळवू नका. सुरक्षिततेची काळजी वेगळी आणि रास्त आहे: अमेरिकेच्या कृषी खात्याची अखंड तुकड्यासाठी शिफारस आत ६३ अंश आणि नंतर ३ मिनिटं विश्रांतीची, म्हणजे आचेवरून काढून तसंच ठेवण्याची, आहे. गरोदर किंवा आजारी व्यक्ती जेवायला असेल तर तीच पाळा.

दोघांसाठी दोन पातळ तुकड्यांऐवजी चार सेंटिमीटर जाडीचा एकच घ्या. पातळ तुकडा वरून खरपूस होईपर्यंत आतून पार शिजून जातो. जाड तुकडा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये आत ४८ अंश होईपर्यंत ठेवा, मग कडक तव्यावर प्रत्येक बाजू मिनिटभर भाजा. एकाला गुलाबी आणि दुसऱ्याला नीट शिजलेला हवा असेल, तर मधोमध कापा आणि एक अर्धा पुन्हा तव्यावर ठेवा. तो होईपर्यंत दुसऱ्या अर्ध्याला विश्रांती मिळते, आणि दोघं एकाच वेळी जेवायला बसता.