‘वाचले’ हा शब्द चुकला, पण मुद्दा नाही

नमस्कार,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पर्मियन कालखंडाच्या अखेरीस पृथ्वीवरचे बहुतेक सागरी जीव संपवणाऱ्या महाविनाशातून ‘प्रवाळ आणि स्पंज (समुद्रतळाला चिकटून राहणारे साधे प्राणी) वाचले’. त्यावर तुम्ही दोन गोष्टी सुनावल्यात. एक, जुन्या प्रवाळांच्या दोन्ही शाखा नामशेष झाल्या, मग वाचलं कोण? दोन, जीवाश्म सापडत नसताना ‘कुठेतरी तग धरून होते’ म्हणणं ही श्रद्धा झाली, विज्ञान नव्हे.

पहिली गोष्ट बिनशर्त मान्य. रुगोसा आणि टॅब्युलाटा या शाखा सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी संपल्या. आज भित्ती (समुद्रतळावर जीवांनी रचलेले खडकाळ बांध) बांधणारे प्रवाळ, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया, त्यांचे सरळ वंशज मानले जात नाहीत. रुगोसाचा सांगाडा कॅल्साइटचा, यांचा ॲरागोनाइटचा (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच वेगवेगळी खनिजं). रुगोसाच्या आतले उभे पडदे चार भागांत वाढत जायचे, यांचे सहाच्या पटीत वाढतात. इतका फरक असताना सरसकट ‘प्रवाळ वाचले’ लिहिणं ही माझी हयगय.

दुसरा आक्षेप मात्र पटला नाही. स्क्लेरॅक्टिनियाचे जीवाश्म मध्य ट्रायासिकमध्ये (ट्रायासिक म्हणजे पर्मियननंतरचा लगेचचा कालखंड) दिसू लागतात तेव्हा ते एखाद-दुसऱ्या साध्या रूपात येत नाहीत, एकदम बऱ्याच प्रकारांत येतात. इतकी विविधता यायची तर त्याआधी वंश बराच काळ चालत आलेला असणार. आजच्या प्रवाळांच्या डीएनएवरून काढलेला अंदाजही या वंशाला पर्मियनच्या पुष्कळ मागे नेतो. मग मधल्या काळातले पूर्वज दिसत का नाहीत? कारण सांगाडा नसेल तर प्रवाळ म्हणजे समुद्रफुलासारखा मऊ गोळा. तो खडकात उमटणार कसा?

सांगाडा टाकून प्रवाळ जगतो का, हे प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. २००७ साली इस्रायली संशोधकांनी भूमध्य समुद्रातले प्रवाळ आम्लता वाढवलेल्या पाण्यात ठेवले. सांगाडा विरघळून गेला, जीव मात्र मऊ अवस्थेत जगत राहिले. वर्षभराने नेहमीच्या पाण्यात परत आणल्यावर त्यांनी पुन्हा सांगाडा बांधला! यावरून ट्रायासिकच्या आधी असंच घडलं हे सिद्ध होत नाही, शक्य होतं एवढंच कळतं. पण ज्या कल्पनेची अशी परीक्षा घेता येते तिला श्रद्धा म्हणू नका.

स्पंजांसाठी तर एवढा वळसाही नको, तिथे खडकच बोलतो. महाविनाशानंतर भित्ती म्हणजे फक्त सूक्ष्मजीवांचे थर, असं बराच काळ मानलं जाई. २०११ मध्ये अमेरिकेतल्या युटा आणि नेवाडातून आरंभीच्या ट्रायासिकमधल्या अशा भित्तींचं वर्णन आलं, ज्या सूक्ष्मजीवांच्या जोडीने स्पंजांनी रचल्या होत्या. विनाशानंतर जेमतेम १५ लाख वर्षांनी. स्पंजांना ऑक्सिजनही फारच कमी पुरतो. भाकरीच्या चुऱ्यासारखा दिसणारा एक आजचा स्पंज हवेतल्या आजच्या पातळीच्या काही टक्क्यांवरही जगल्याचं प्रयोगात दिसलं आहे. (माझा आवडता दाखला मात्र वेगळा : काचस्पंजांच्या (काचेसारख्या सिलिकाचा सांगाडा असलेल्या स्पंजांच्या) भित्ती फक्त खडकातच पाहायच्या, अशी समजूत होती. १९८७ मध्ये त्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळावर जिवंत सापडल्या.)

तुम्ही न काढलेला एक आक्षेप मीच काढतो, कारण तो तुमच्या दोन्हींपेक्षा अवघड आहे. पर्मियनमधल्या स्पंजासारखा दिसणारा स्पंज ट्रायासिकमध्ये पुन्हा दिसला, तर तो तोच वंश की नुसता तोतया? गायब होऊन परत आलेल्यांना अभ्यासक ‘लाझारस’ म्हणतात (बायबलमध्ये मेल्यावर पुन्हा जिवंत झालेला माणूस) आणि तोतयांना ‘एल्विस’ (गायक एल्विस प्रेस्लीची नक्कल करणाऱ्यांवरून). (नाव ठेवणाऱ्यांना विनोदाची जाण होती!) बाहेरची ठेवण सारखी आहे एवढ्यावर हा निवाडा होत नाही. त्यामुळे तगलेल्या स्पंजांच्या माझ्या यादीतली दोन-तीन नावं मी सध्या काढून टाकली आहेत.

मूळ लेखातलं वाक्यही बदललं आहे. आता ते असं आहे : ‘स्पंज तगले, जुने प्रवाळ संपले, आणि आजच्या प्रवाळांचे पूर्वज बहुधा सांगाड्याविना कुठेतरी टिकून होते.’ त्यातल्या ‘बहुधा’वर तुमची हरकत असेल तर जरूर लिहा.