माकीवारा: मुठीसाठी की टाचेसाठी?

कट्ट्यावर विषय निघाला जपानच्या ओकिनावा बेटावरच्या माकीवाराचा. जमिनीत रोवलेली लाकडी फळी, वरच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली. कराटेवाले त्यावर ठोसे मारतात.

"सँडबॅग असताना हे कशाला? मूठ दगडासारखी करून मिळवायचं काय?" नितीनने वादाला तोंड फोडलं.

"मूठ कठीण होणं हा जोडफायदा रे," सुहास म्हणाला. "फळी लवली पाहिजे, तिथेच सगळं आहे. साडेसहा फूट लांबी, त्यातली दोन फूट जमिनीत. बुडाशी तीन-चार इंच जाड, वर तासत तासत पाऊण इंच. ठोसा बसला की ती मागे जाते आणि तुलाच उलटी ढकलते. मागची टाच उचललेली असेल, खांदा वर चढला असेल, तर तूच मागे सरकतोस. बॅग झुलून जाते, चूक झाकली जाते."

"आणि हात मोडतात त्यांचं?"

"करंगळीच्या बाजूने मारतात म्हणून. तिकडचं हाड बारीक. तर्जनी आणि मधलं बोट, या दोघांच्या मुळाशीच ठोसा बसला पाहिजे, मनगट सरळ. सुरुवातीला प्रत्येक हाताने वीसेक, तेही हलके. कातडी सोलली की थांबायचं. वाढत्या वयाच्या पोरांना तर देऊच नये."

मेधाने ओकिनावाचे जुने कराटे-गुरू इतोसू आन्को यांचा विषय काढला. १९०८च्या पत्रात त्यांनी माकीवारावर एकेका हाताने शंभर-दोनशे ठोसे मारायला सांगितलं आहे. पण त्यासोबत खांदे खाली, छाती मोकळी, पाय जमिनीत रोवलेले, दम बेंबीखाली, हेही आहे. "लोक आकडा तेवढा उचलतात," ती चिडून म्हणाली.

"पण १९०१ साली कराटे ओकिनावाच्या शाळेत नेलं तेही इतोसूंनीच," नितीनने अडवलं. "पोरांसाठी पाच पिनान काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, बसवले. म्हणजे फळीशिवाय कराटे शिकवता येतं, हे त्यांनाही मान्य होतं."

"शाळेत शिस्त आणि व्यायाम हवा होता. ठोशात जोर आहे की नाही, हे हवेत मारून कसं कळणार?" सुहास हटेना.

मेधा म्हणाली, नितीनचं एक बरोबर: समोरचा जागा बदलतो, फळी जागची हलत नाही. अंतर आणि पायांची चाल जोडीदाराबरोबर किंवा बॅगवरच येते.

"मग गच्चीत भिंतीला गादी ठोकली तर?"

"मुळीच नको," सुहास आणि मेधा एकदम बोलले. भिंत लवत नाही, धक्का सरळ मनगटात आणि कोपरात जातो. जमीन नसेल तर फळीचं बूड जड चौकटीत पक्कं बोल्ट करायचं, वरचं टोक मोकळं ठेवायचं.