वेगळं दिसायचंय ना? मग सगळे करतात तेच करा

आपल्यात काहीतरी खास आहे हे गावाला पटवून द्यायचंय? मग आधी लाखो लोकांनी रीलवर करून झालेली नाचाची स्टेप शोधा. स्वतः नवी बसवायच्या नादी लागू नका. अमेरिकेत अटलांटाजवळ राहणाऱ्या जलाया हार्मन या मुलीने २०१९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, 'रेनेगेड' हा नाच बसवला. टिकटॉकवर जग त्यावर नाचलं, नाव मात्र भलत्यांचंच झालं. तिला श्रेय मिळायला २०२० उजाडलं. म्हणून स्टेप कुणाची, हे विचारायचंच नाही. ते विचारून एक लाईक वाढत नाही.

आता जागा. सोयाबीन फुलोऱ्यात असताना भर वावरात उतरा, मोबाईल तांब्याला टेकवून बांधावर ठेवा. मग कंबर लचकवत तीन पावलं डावीकडे, तीन उजवीकडे. बाप ओरडेल, "आरं, झाडं मोडू लागली की!" ओरडू द्या. वरून ट्रेंडिंग ऑडिओ चढवला की बाप आपोआप म्यूट होतो. फारच हटून बसला तर त्यालाच नाचवा. आजी असेल तर सोन्याहून पिवळं.

लातूरला नीटच्या क्लासला असाल तर होस्टेलची गच्ची आहेच. घोका, सराव करा, परत सराव करा: लातूर पॅटर्न शेवटी कामाला आला तो असा.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतल्या लावणीकडे मात्र फिरकू नका. तिथे बाई पायाला घट्टे पडेपर्यंत राबून शिकलेली असते, आणि अख्खी लावणी संपेपर्यंत बसावं लागतं. अंगठा वर सरकवायची सोय नाही.

बंदीबिंदीला घाबरायचं काम नाही. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, ८ जुलैला इन्स्टाग्रामचे रील्स भारतात हजर. मधल्या नऊ दिवसांत ज्या घरची पेरणी उरकली ते नशीबवान.

राहिला अपलोडचा प्रश्न. रेंज नसेल तर गावच्या पाण्याच्या टाकीवर चढा. टाकीवर माणूस दिसला की आपल्याकडे आंदोलनच समजतात. खाली गर्दी जमेल, घोषणा सुरू होतील, कुणीतरी मागण्यांचं निवेदनही लिहून आणेल. एवढी फुकटची पब्लिक पुन्हा मिळायची नाही. तहसीलदार पोचायच्या आत दुसरा टेक उरका.