नव्या देशात आधी इंटरनेट, बाकी सगळं मग

"पासपोर्ट थोडा तिरका धरा, त्यावरचं चकाकणारं चित्र दिसलं पाहिजे," पलीकडची मुलगी म्हणाली आणि तिचा चेहरा तिथंच थिजला. मी पासपोर्ट तिरका धरून बसून राहिले. दहा सेकंद. वीस सेकंद. मग कॉल तुटला. बँकेत खातं उघडायला व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून द्यायची होती आणि त्या दुपारचा हा तिसरा प्रयत्न. दर वेळी पुन्हा रांग, पुन्हा नाव, पुन्हा जन्मतारीख, पुन्हा पासपोर्ट. मोबाइलमधला डेटा संपत आला होता आणि लेक शेजारी बसून विचारत होती, "आई, झालं का?"

खातं कशाला हवं होतं? घरी इंटरनेट घ्यायला. इंटरनेट कंपनीला दर महिन्याचं बिल त्याच देशातल्या खात्यातून परस्पर वळतं करून हवं होतं, आणि बँकेला खातं उघडायला न तुटणारा व्हिडिओ कॉल हवा होता. घोडं तिथंच पेंड खात होतं. सोळा दिवस आम्ही त्या चक्रात अडकलो होतो.

याला आता दोन वर्षं झाली. परवा ओळखीतलं एक जोडपं असंच दुसऱ्या देशात राहायला निघालंय, त्यांनी विचारलं, "ताई, पोचल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?" मी म्हटलं, घरच्या इंटरनेटच्या मागे लागा. दोघांना नवल वाटलं. त्यांच्या यादीत ते पार खाली, पडदे आणि चादरींच्या आसपास होतं. म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

नव्या देशात ओळखीपाळखीनं काही होत नाही, कारण ओळखच नसते. पत्ता नोंदवायला वेळ घ्यायची तर वेबसाइटवर. शाळेचे निरोप ॲपवर. डॉक्टरची वेळ, पगाराची स्लिप, मीटरचं रीडिंग, सगळं तिथंच. भाषा येत नसेल तर टपालानं आलेला कागद बिल आहे की नोटीस, हेसुद्धा भाषांतराच्या ॲपला दाखवल्याशिवाय कळत नाही. मागं सोडून आलेल्या देशातलं खातं, विमा, कर यांची कामं चालूच असतात, ती वेगळी. हे सगळं एका मोबाइलच्या चिमूटभर डेटावर रेटताना माणूस किती थकतो, ते त्यातून गेल्याशिवाय कळत नाही.

पहिले काही आठवडे मोबाइलवरच काढावे लागणार, हे धरूनच चला. ई-सिम निघण्याआधीच घेऊन ठेवता येतं. जुना नंबर मात्र बंद करू नका, जुन्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. आणि लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलात की त्याचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप न विचारता सुरू होतो. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचं, करून टाका. आमचा पहिला डेटा पॅक असाच दोन दिवसांत उडाला.

खरी काळजी घ्यायची ती घराच्या करारावर सही करण्याआधी. घर बघायला गेलो की आपण नळ सोडून बघतो, खिडकी उघडून बघतो. तसंच भिंतीतून कोणती वायर आत येते तेही बघायला हवं. जुनी तांब्याची टेलिफोन लाइन असेल तर वेग अंतरावर ठरतो. त्या लाइनवरचं एडीएसएल २+ हे जुनं तंत्र कागदावर २४ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) देतं, पण टेलिफोन एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर लांब घर असेल तर त्यातलं थोडंच पदरात पडतं. व्हीडीएसएल हा त्याचाच नवा प्रकार बराच वेगवान, पण कंपनीची रस्त्यावरची जोडणीची पेटी काहीशे मीटरच्या आत असेल तरच. केबल टीव्हीच्या जाड वायरीवरून येणारं इंटरनेट डाउनलोडला चांगलं. मात्र ती लाइन आसपासच्या घरांत वाटलेली असते, त्यामुळे संध्याकाळी सगळे एकदम बसले की मंदावते, आणि अपलोड बहुधा बेताचाच. फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून येणारं इंटरनेट, मिळत असेल तर फार विचार करू नका, तेच घ्या. फक्त एक नीट विचारा: फायबर इमारतीपर्यंत आहे की घरापर्यंत? तळघरापर्यंत काच आणि तिथून वर चार मजले जुनं तांबं, असंही असतं, आणि जाहिरातीत दोन्हीला फायबरच म्हणतात.

दुसरा प्रश्न घरमालकाला: आधीच्या भाडेकरूनं त्याची लाइन बंद केली का? आमचा अर्ज दोनदा परत आला तो याचपायी. त्यानं लाइन बंदच केलेली नव्हती, आणि कंपनीच्या लेखी आमच्या घरात अजून तोच राहत होता. त्याला शोधा, त्याच्याकडून कागद मिळवा, कंपनीला पाठवा, वाट बघा, यात आणखी तीन आठवडे गेले. घराच्या किल्ल्या घेताना एका वाक्यात विचारून घेतलं असतं तर हे टळलं असतं.

तंत्रज्ञ आला तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. त्यानं वायरीचं काळं आवरण सोललं, आतून पिवळी वायर निघाली, आणि तिच्याही आत तो काचेचा तंतू. बाहेरून १२५ मायक्रॉन, साधारण केसाएवढा. प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्यानं तंतूची दोन टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवली आणि लेकीला जवळ बोलावलं. यंत्राच्या स्क्रीनवर दोन जाड काठ्या दिसत होत्या, त्या आपोआप सरकत एका रेषेत आल्या, एक ठिणगी उडाली आणि दोनाची एक झाली. लेक टोकात डोकावायला गेली तसं त्यानं हात मध्ये घातला. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण डोळ्यांना इजा करू शकतो, म्हणाला. मग हिरव्या टोकाची पिन भिंतीवरच्या पांढऱ्या डबीत बसवली. डबीवरचा लाल दिवा लुकलुकत होता तो विझला, शेजारचा हिरवा आधी फडफडला आणि मग स्थिर झाला. सात आठवडे ज्याची वाट पाहिली तो एवढासा दिवा. काच पुरेशी शुद्ध करता आली तर प्रकाश तिच्यातून लांबवर नेता येईल, हे शास्त्रज्ञ चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडलं होतं. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. त्या दुपारी मला ते नोबेल अगदी पुरेपूर पटलं.

प्लॅन निवडताना जाहिरातीतला मोठा आकडा बघून भुलू नका. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. तीन-चार माणसांच्या घराला तेवढं सहज पुरतं. बघायचा तो अपलोडचा आकडा, जो बारीक अक्षरात असतो. परदेशात राहणाऱ्याचं निम्मं आयुष्य व्हिडिओ कॉलवर जातं, आणि आपला चेहरा पलीकडे पोचतो तो अपलोडमधून. चांगल्या दर्जाच्या एका कॉलला तीन-चार एमबीपीएस धरा. घरात दोघं एकाच वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आणि मूल ऑनलाइन तासाला असेल तर तुम्हीच बेरीज करा.

आणि घरच्यांशी बोलताना आवाज किंचित मागाहून येतो, म्हणून कुणी महागडा प्लॅन विकायला लागलं तर घेऊ नका. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. माणसं ७,००० किलोमीटरवर असतील तर नुसत्या जाण्या-येण्याला ७० मिलिसेकंद लागतात, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. आईचा "हं" एक क्षण उशिरा येतो तो या अंतरामुळे. ते अंतर कुठल्याच प्लॅननं कमी होत नाही.

राउटरचं थोडक्यात सांगते. जुना राउटर बॅगेत भरून आणू नका. प्रत्येक देशात वायफायच्या लहरींचे नियम वेगळे. वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यात १२ आणि १३ नंबरचे चॅनेल कुठं सर्रास चालतात, कुठं टाळले जातात, १४ नंबरचा तर फक्त जपानमध्ये. एका देशासाठी बनवलेला राउटर दुसरीकडे धड चालेलच असं नाही, आणि त्याचं चालणं नियमात बसेलच असंही नाही. नवा राउटर विजेच्या मीटरच्या लोखंडी कपाटात ठेवू नका. वायर तिथंच येते म्हणून आम्ही आठवडाभर ठेवला होता, आणि आतल्या खोलीत वायफायचा मागमूस नव्हता. पत्र्यातून लहरी जात नाहीत. बाहेर काढून उंचावर ठेवला आणि तक्रार संपली. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, दोन्ही.

कराराबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या वर्षी लांबचा करार करू नका. युरोपीय संघात पहिला करार २४ महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही, आणि घरबसल्या ऑनलाइन केलेला करार १४ दिवसांत कारण न देता मागे घेता येतो. पण सगळीकडे असे नियम नाहीत. नव्या देशात पहिलं घर सहसा टिकत नाही. नोकरी बदलते, शाळा लांब पडते, घर लहान पडतं. दर महिन्याला सोडता येणारा, मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारा ५जी राउटर पहिल्या काही महिन्यांसाठी उत्तम. भिंतीतली वायर लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही, प्लग लावला की सुरू. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. हे मला त्या वेळी कुणी सांगायला हवं होतं.

आमचं बँकेचं चक्र तोडलं ते शेजारच्या आजींनी. त्या दुपारी चौथा प्रयत्न मी जिन्यात उभी राहून केला, तिथं मोबाइलला रेंज जरा बरी होती. तोही तुटला. माझे डोळे भरून आले होते आणि आजी पिशवी घेऊन वर येत होत्या. आमची भाषा एक नव्हती. मी फोन दाखवला, पासपोर्ट दाखवला, त्यांना काय समजलं कोण जाणे. तासाभरानं दाराखालून एक चिठ्ठी सरकत आली. वर त्यांच्या वायफायचं नाव, खाली पासवर्ड, थरथरत्या हातानं लिहिलेलं एकेक अक्षर सुटं सुटं. शून्य आणि ओ यांत घोळ होऊ नये म्हणून त्यांनी शून्याच्या पोटात रेघ मारली होती. पाचव्या कॉलला खातं उघडलं.

मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. पण मला हेही सारखं वाटतं की हे एका म्हाताऱ्या बाईच्या भरवशावर असायला नको होतं. त्यांच्या लाइनवरून मी काही भलतंसलतं केलं असतं तर चौकशी त्यांच्या दारात आली असती. त्यांनी अनोळखी माणसासाठी ती जोखीम घेतली, कारण बाकी सगळ्यांनी नियमावर बोट ठेवलं होतं.

फिनलंडनं जुलै २०१० पासून १ एमबीपीएस इंटरनेट हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क केला, असं करणारा तो जगातला पहिला देश. ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून किमान १० एमबीपीएसची जोडणी मागता येते. हे कायदे चांगले आहेत, पण त्यांचा रोख लांबच्या, आडवाटेच्या घरांवर आहे. वायर घरापर्यंत आणायची, एवढंच त्यांत पाहिलेलं आहे. वायर भिंतीपर्यंत आलेली आहे पण माणूस कालच देशात उतरलाय, त्याचं इथं खातं नाही, उधारीचा इतिहास नाही, स्थानिक फोन नंबर नाही, त्याचं काय? बँकेच्या बाबतीत युरोपीय संघानं हा विचार केलाय: २०१४ च्या निर्देशानुसार तिथं कायदेशीर राहणाऱ्याला साधं खातं उघडण्याचा हक्क आहे. तोच विचार इंटरनेटला लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. पासपोर्ट आणि भाड्याचा करार दाखवला की जोडणी मिळावी. पैसे बुडण्याची भीती असेल तर अनामत घ्या, तीन महिन्यांचे आगाऊ घ्या, कुठल्याही देशाच्या कार्डावरून घ्या. आम्ही सगळं आगाऊ द्यायला तयार होतो. घ्यायची सोयच नव्हती.

निघालेल्या त्या जोडप्यानं अजून घराच्या करारावर सही केलेली नाही. काल त्यांनी घरमालकाकडून भिंतीचा फोटो मागवून मला पाठवला. दाराजवळ, बुटांच्या कपाटाच्या वर, एक पांढरी डबी आहे. फोटो मोठा करून बघितला. पिनचं टोक हिरवं आहे. मी लिहिलं, फायबर आहे, आता फक्त आधीच्या भाडेकरूचं विचारून घ्या.