‘अर्धी गोळी घ्या, जंतूंना कळणार नाही’, म्हणे!

‘अँटिबायोटिकची अख्खी गोळी घेतली की जंतू सावध होतात आणि ठरवून स्वतःला बदलतात. म्हणून सिप्रोची गोळी अर्धी करा, दुधाबरोबर घ्या, बरं वाटलं की थांबवा. बदल घडवणारं जनुक सगळ्या जंतूंत एकच असतं, ते हळदीने बंद पडतं.’ हा मेसेज फिरतोय. काकूंनी तो वाचून लघवीच्या इन्फेक्शनची गोळी सुरीने कापली, म्हणून हा खटाटोप.

आधी अर्ध्या गोळीचं, कारण सगळ्यात घातक तेच. सिप्रो म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन. ते जिवाणूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या एन्झाइमला डीएनएवर जखडून ठेवतं आणि डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. तुटलेल्या टोकाशी एकेरी धागा उघडा पडतो, त्यावर रेक-ए प्रथिनाची साखळी चढते. एरवी दुरुस्तीची जनुकं दाबून ठेवणारं लेक्स-ए हे प्रथिन या साखळीला लागलं की स्वतःलाच कापून घेतं. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये मग चाळीसेक जनुकं मोकळी होतात. हा एसओएस प्रतिसाद, म्हणजे जिवाणूची संकटातली डीएनए-दुरुस्ती. सुरुवातीला नीट दुरुस्ती करणारी प्रथिनं येतात. त्यांनी निभावलं नाही तर उशिरा येतं डीएनए पॉलिमरेज-५, म्हणजे डीएनएची नक्कल करणारं एक एन्झाइम. स्वतःची चूक तपासून खोडण्याची सोय त्याच्यात नाही. खराब जागेवर हाताला येईल ते अक्षर बसवून ते पुढे सरकतं.

पूर्ण मात्रेत बहुतेक जिवाणू मरून जातात. अपुऱ्या मात्रेत डीएनए तुटतो, एसओएस सुरू होतो आणि पेशी जगते. जे टाळायचं तेच घडवून आणायची ही रेसिपी! एखाद्या पेशीत गायरेजमधलं ८३ व्या जागेचं सेरीन हे अमिनो आम्ल बदललं की औषधाची पकड ढिली पडते, आणि मग पुढे तिचीच पिलावळ.

रोम्सबर्ग यांच्या गटाचा ‘प्लॉस बायॉलॉजी’मधला २००५ चा शोधनिबंध बघा. ज्यात लेक्स-ए कापलंच जात नाही असे ई. कोलाय त्यांनी उंदरांच्या मांडीत टोचले. सिप्रो किंवा रिफॅम्पिसिन हे दुसरं अँटिबायोटिक देऊनही त्यांच्यात प्रतिकार आला नाही. साध्या जिवाणूंत आला.

‘ठरवून बदलतात’ हे लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्येच निकालात काढलंय: जिवाणूंतले बदल आधीच, योगायोगाने होतात. एसओएसने चुकांचा वेग वाढतो. कुठली चूक कामाला येईल हे जंतूला कुठून ठाऊक असणार?

‘एकच जनुक’? रेक-ए जवळपास सगळ्या जिवाणूंत आहे, त्याचं भाऊबंद रॅड-५१ यीस्टमध्ये आणि आपल्यातही आहे. पण न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये लेक्स-ए नाहीच, आणि टीबीच्या जंतूत पॉलिमरेज-५ चं काम डीएनए-ई-२ हे वेगळंच एन्झाइम करतं. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत एसओएस दाबतं, मान्य. पण आतड्यातून ते रक्तात जेमतेम उतरतं.

‘बरं वाटलं की थांबवा’ यात नाइलाजाने थोडं तथ्य मानावं लागेल. कोर्स लांबवल्याने प्रतिकार टळतो याला पुरावा तोकडा आहे, असं ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली डॉक्टरांनीच लिहिलं. पण ते दिवसांबद्दल होतं, मात्रेबद्दल नव्हे. आणि दिवस डॉक्टरने ठरवायचे. टीबीला तर हे लागूच नाही.

राहिलं दूध. त्यातलं कॅल्शियम सिप्रोला बांधून ठेवतं, शोषण सुमारे एक तृतीयांश घटतं. दह्याचंही तेच. अँटासिड, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्याहून वाईट: सिप्रो त्यांच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर, साध्या पाण्याबरोबर आणि अख्खी.