आरसा तिरका बसवलाय

लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत मी सुझाँला बघायला गेलो होतो. ‘फोली-बेर्जेरमधला बार’ या १८८२ च्या चित्रात ती, त्या करमणुकीच्या थिएटरातली बारवाली, संगमरवरी काउंटरवर हात टेकून, कंटाळून उभी आहे; मागे मोठा आरसा. पाय दुखत होते, पण अगदी समोर जागा मिळाली. एक मिनिट सुखाचं गेलं. मग मागून आवाज आला, “आरसा तिरका बसवलाय.”

मराठीत!

बोलणाऱ्या काकांचं दादरला चाळीस वर्षं काच-आरशाचं दुकान होतं. “चित्रकार कोण?”

“माने.”

“म्हसवडचे?”

“पॅरिसचे.”

भांडण जुनंच आहे. सुझाँ सरळ आपल्याकडे बघते. आरशातली तिची पाठ मात्र भलतीच उजवीकडे, आणि ती एका उंच टोपीवाल्याशी बोलतेय. हा टोपीवाला आरशाबाहेर कुठेच नाही. समीक्षकांनी यावर शंभर वर्षं डोकं फोडलंय. काकांना अर्धा मिनिट लागला.

“पण आरशाची फ्रेम तर सरळ आहे,” मी म्हणालो. इथेच चुकलो.

“फ्रेम सरळच असते हो, भिंत वाकडी असते! थांबा, दाखवतो. तुम्ही बारवाली व्हा.”

मी काकूंकडे आशेनं बघितलं. “व्हा हो,” त्या म्हणाल्या, “नाहीतर हॉटेलपर्यंत मला हेच ऐकावं लागेल.”

तर मी, वय बावन्न, पाठीला पट्टा, समोरच्या बाकावर हात टेकून बारवाली झालो. बाक बुटका. “अजून वाका,” काका म्हणाले. स्वतः टोपीवाले होऊन ते मोबाईल रोखत मागे मागे सरकत गेले. मानेंनीही सुझाँला स्टुडिओत काउंटर मांडून असंच उभं केलं होतं. पण ते तेव्हा आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले. त्यांना सगळं माफ. काका ठणठणीत होते. एक लहान मुलगी चित्राकडे पाठ करून मलाच बघत बसली. तिच्या आईनेही तिला हटकलं नाही.

काउंटरवरची संत्री मी धड पाहिली नाहीत, बास बिअरच्या बाटलीवरचा लाल त्रिकोणही नाही. डावीकडच्या बाटलीच्या लेबलवर मानेंची सही आहे, खास तेवढ्यासाठी चष्मा बदलून आणला होता. राहिली ती. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण गेले, आणि ते काकांनी दिले नव्हते.

रात्री फोटो आला, खाली ‘सिद्ध झालं’ असा मजकूर. चित्रात वर डाव्या कोपऱ्यात झोक्यावरची कसरतवाली आहे, तिचे फक्त पाय दिसतात, हिरव्या बुटांतले. फोटोत माझेही तेवढेच आलेत. एका बुटाची नाडी सुटलेली.