शिदोरी आणि ८८ सेंट

जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये, आमच्या घरापासून ट्रामनं दहा मिनिटांवर, एक वसाहत आहे. तिथल्या घराचं भाडं ८८ सेंट आहे, आणि तेही वर्षाचं. पर्यटकाला आत फिरण्यासाठी जे तिकीट काढावं लागतं, तेवढ्यात तिथल्या भाडेकरूचं कित्येक वर्षांचं भाडं निघेल. याकोब फुग्गर या सावकारानं १५२१ साली गावातल्या गरजू कॅथलिकांसाठी ही 'फुग्गराय' बांधली. एक ऱ्हाईनिश गुल्डन हे तेव्हाचं भाडं. पाचशे वर्षांत त्याचं चलन बदललं, रक्कम बदलली नाही. दुसरी अट मात्र पैशांची नाही. भाडेकरूनं रोज एकदा प्रभूची प्रार्थना, एकदा 'नमो मरिया' आणि एकदा विश्वासांगीकार म्हणायचा, फुग्गर आणि त्याच्या घराण्याच्या आत्म्यांसाठी.

म्हणजे ही वसाहत उभी आहे ती पर्गेटरीच्या पायावर. मराठी कॅथलिक तिला शुद्धिस्थान म्हणतात, गोव्यात पुर्गातोर. मेलेला माणूस देवाचा आहे, पण अजून स्वच्छ झालेला नाही. त्याची धुलाई चालू आहे आणि जिवंतांच्या प्रार्थनेनं त्याला मदत होते. फुग्गर हिशेबी होता. आपली धुलाई लांबणार याचा त्याला अंदाज असावा.

मी मूळ नगरचा, प्रॉटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतला. बायको वसईची, कॅथलिक. आमच्या घरात दोन मराठी बायबलं आहेत आणि तिचं माझ्यापेक्षा सात पुस्तकांनी जाड आहे. ६६ विरुद्ध ७३. मृतांसाठी प्रार्थना केल्याचा जो उतारा ती दाखवते तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात आहे. माझ्या बायबलात ते पुस्तकच नाही. वचनं काढून भांडायचं तर आधी पुस्तक कुठलं यावरच भांडावं लागतं. म्हणून आम्ही लग्नानंतर दोनेक वर्षांत तो नाद सोडला.

गेल्या पावसाळ्यात सासरे गेले. आम्ही पोचलो तोवर माती झाली होती, पण महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, थांबलो. नगरहून माझे काका आले, निवृत्त पाळक म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मगुरू, वय ७८. एस.टी.नं आले, छत्री विसरले, आणि मिस्साला सगळ्यात मागच्या बाकावर बसले. सगळे गुडघे टेकत होते तेव्हा ते बसून राहिले. हट्ट असेल, गुडघेही दुखत असतील.

जेवणं झाल्यावर ओटीवर ते मला हळूच म्हणाले, "तुझे सासरे चांगले होते. त्यांचा निवाडा झालेला आहे. आता तिथं कुणाची वकिली चालत नाही."

हळूच म्हणजे त्यांच्या मानानं हळूच. चाळीस वर्षं लाऊडस्पीकरशिवाय उपदेश केलेला माणूस. सासूबाईंनी आतून ऐकलं आणि सुपारीचा डबा घेऊन बाहेर आल्या.

"वकिली नाही हो पाळकसाहेब. लांबच्या गावाला निघालेल्या माणसाबरोबर आपण शिदोरी देतो की नाही?"

"विहीणबाई, ते पोचलेसुद्धा."

"मग शिदोरी परत येईल. वाया जाणार नाही."

काकांनी सुपारी घेतली. तो वाद तिथं थांबला, पण मी तो विमानात बरोबर घेऊन आलो, आणि फुग्गरायपाशी ट्राममधून उतरताना अजूनही तो वर येतो.

मला वाटतं, आपल्याकडे हा वाद ज्या शब्दांत होतो ते शब्द उसने आहेत. त्याच्याखाली वेगळंच भांडण आहे. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. तिथले कॅथलिक बारा-पंधरा पिढ्यांचे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरी धुवायच्या, फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या, याची त्यांना लाज वाटण्याचं कारणच उरलेलं नाही. नगरचं तसं नाही. अमेरिकन मिशन तिथं १८३१ साली आलं. खेड्यापाड्यांतले महार-मांग समाजातले आमचे पूर्वज पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ख्रिस्ती झाले, १८७६ च्या दुष्काळानंतर तर झपाट्यानं. त्यांना काय काय सोडावं लागलं? श्राद्ध, पितरांचा घास, मरीआई, लक्ष्मीआई. सोडलं याचा पुरावा नातेवाइकांपुढे द्यावा लागला, मिशनपुढेही. काकांच्या आजोबांनी घरातला पूजेचा टाक ओढ्यात सोडला, ही गोष्ट काका अजून डोळे मोठे करून सांगतात. अशा घरातल्या माणसाला 'मृतासाठी काहीतरी करा' म्हटलं की प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणारा लूथर आठवत नाही, ओढ्यात सोडलेला टाक आठवतो. काका ज्याला पर्गेटरी म्हणून नाकारतात, ते माझ्या मते पितृपक्ष आहे.

मरियेचंही तेच. नगर जिल्ह्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. वांद्र्याची मोत माउली तशीच. 'माउली' हा शब्द कुठल्या पोपनं दिलेला नाही. आमची मोठी काकू, पाळकाची सख्खी बायको, एकदा पोराच्या नोकरीसाठी हरेगावला जाऊन मेणबत्ती लावून आली होती. काकांना सांगितलं बाजाराला गेले होते. काकांना कळलं असणारच. ते काही बोलले नाहीत.

गंमत अशी की नगरच्या गावांत एकीकडे अमेरिकन प्रॉटेस्टंट आणि दुसरीकडे जर्मन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू, अशी स्पर्धा होती. मुंबई-पुण्याचं कॅथलिक मिशन पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मन जेझुइटांकडेच होतं. म्हणजे मी आज ज्या मुलखात पगार घेतो, तिथूनच निम्मं भांडण जहाजात बसून श्रीरामपूर-संगमनेरकडे आलं.

इथं आल्यावर मला पहिला धक्का बसला तो नाव नोंदवताना. पत्ता, जन्मतारीख आणि धर्म. नुसतं 'ख्रिस्ती' चालत नाही. कॅथलिक की इव्हँगेलिश, म्हणजे इथला प्रॉटेस्टंट, ते सांगायचं, कारण त्यावरून चर्चचा कर कापला जातो. बव्हेरिया या आमच्या राज्यात तो आयकराच्या ८ टक्के. आमच्या घरातून दर महिन्याला दोन्हीकडे पैसे जातात. नगरच्या आमच्या चर्चमध्ये थाळीत दहाची नोट टाकताना इकडेतिकडे बघणारा मी, इथं सक्तीनं दानशूर झालो.

आणि गावाचा इतिहास कळत गेला तसं लक्षात आलं की इथं भांडणाला जमीन वेगळीच होती. ब्रँडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टला माइन्झचं आर्चबिशपपद हवं होतं. त्यासाठी त्यानं याच फुग्गरच्या पेढीकडून कर्ज काढलं, आणि ते फेडायला पापदंडाच्या माफीपत्रांच्या विक्रीतला निम्मा वाटा लावून दिला. शुद्धिस्थानातल्या आजोबांची सुटका विकत मिळत होती आणि गल्ल्याशेजारी पेढीचा माणूस उभा होता. १५१७ साली लूथर भडकला तो यावर. तेव्हा मांडलेल्या ९५ मुद्द्यांत त्यानं शुद्धिस्थान नाकारलेलं नव्हतं. स्वच्छपणे नाकारलं ते तेरा वर्षांनी, १५३० मध्ये. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी "तू नीट वाच" एवढंच म्हटलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनंही १५६३ मध्ये शुद्धिस्थान आहे असं ठरवताना त्याच ठरावात बिशपांना बजावलं की यातली कमाई बंद करा. हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग, आमचे फादर कुठं मागतात?"

१५१८ च्या ऑक्टोबरात पोपचा दूत कार्डिनल कायेतान याच्यापुढे जबाब द्यायला लूथर आउग्सबुर्गला आला, तेव्हा सेंट आनाच्या मठात उतरला होता. ते चर्च पुढे लूथरपंथी झालं. पण त्याच्या पश्चिम टोकाला फुग्गर घराण्याचं प्रार्थनास्थळ आहे आणि याकोब फुग्गर तिथंच पुरलेला आहे. ज्यानं आपल्या आत्म्यासाठी अख्खी वसाहत प्रार्थनेला बसवली, तो झोपलाय अशा लोकांच्या चर्चमध्ये जे त्याच्यासाठी प्रार्थना करायला तयार नाहीत. हे पाहिल्यावर मला काका आणि मागचा बाक आठवला.

या गावानं भांडून भांडून शेवटी वाटण्या केल्या. पोपनं नवं कॅलेंडर आणलं म्हणून १५८४ साली इथं दंगा झाला. तारीख पोपची नको! १६४८ नंतर नगरपालिकेतली पदं दोघांत निम्मी निम्मी झाली. १६२९ साली ज्या दिवशी प्रॉटेस्टंटांची उपासना बंद पाडली, तो ८ ऑगस्टचा दिवस १६५० पासून शांततेचा सण म्हणून पाळतात, आणि आज ती अख्ख्या जर्मनीत फक्त या शहराला मिळणारी सुट्टी आहे. नगरपालिकेच्या चौकात लांबच लांब टेबलं मांडतात, घरून आणलेलं एकमेकांना वाढतात. आम्ही बटाटेवडे नेतो. लगेच आठवड्यानं १५ ऑगस्ट. मरियेच्या स्वर्गोन्नयनाची सुट्टी, बव्हेरियातल्या कॅथलिक बहुसंख्य गावांना. स्वातंत्र्यदिनाची हक्काची सुट्टी मला भारत सोडल्यावर मरियेमुळे मिळाली, आणि मी प्रॉटेस्टंट असूनही ती नाकारलेली नाही.

त्या दिवशी बायका औषधी झाडपाल्याच्या जुड्या आशीर्वादाला आणतात. बायको म्हणते, अगदी आपल्याकडच्यासारखं. मी म्हणतो, तेच तर काकांना नको आहे.

पेर्लाखच्या सेंट पीटर चर्चमध्ये १७०० च्या सुमाराचं एक चित्र आहे, गाठी सोडवणारी मरिया. लांब पांढरी फीत, तिच्यावर गाठीच गाठी, आणि ती शांतपणे एकेक सोडवते आहे. एका घराण्यातला मोडू घातलेला संसार सावरला त्याची ही आठवण, असं सांगतात. पोप फ्रान्सिस १९८६ साली जर्मनीत होते तेव्हापासून त्यांचा या चित्रावर जीव होता, असं म्हणतात. अर्जेंटिनात ही भक्ती पसरली त्याचं श्रेयही त्यांना देतात. आपल्याकडे लग्नाच्या गाठी बांधतात, इथली मरिया त्या सोडवते, असा विनोद मी पहिल्यांदा केला आणि तो बायकोला आवडला नाही. नंतर एका वाईट महिन्यात मी ऑफिसातून परतताना एकटाच तिथं जाऊन बसलो होतो. प्रार्थना केली नाही. बसलो. काकूसारखंच घरी सांगितलं, बाजारात गेलो होतो.

लूथरनंही १५२१ मध्ये मरियेच्या स्तोत्रगीतावर मोठ्या प्रेमानं भाष्य लिहिलं होतं. ती देवाची माता, हे त्यानं कधी सोडलं नाही. तिच्याकडे मागणं मागू नका, एवढंच त्याचं म्हणणं. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात व्हॅटिकननं स्वतःच सांगितलं की मरियेला 'सह-तारणकर्ती' म्हणणं योग्य नाही. काकांचा फोन आला, आवाजात सण होता. "मी काय सांगत होतो?"

तिकडे घरी मात्र वाद वाढतोच आहे. नव्या मंडळ्या निघाल्यात. भाच्याच्या वयाची पोरं मोबाइलवर भाषणं ऐकून वसईत आजीच्या हातातली माळ म्हणजे मूर्तिपूजा असं तोंडावर सांगतात. त्यांचा मला राग येतो. काकांचा येत नाही. काकांच्या नकारामागे एक घर सोडल्याचा हिशेब आहे, त्यांनी त्याची किंमत मोजली आहे. या पोरांनी लूथरचा राग आयता उचलला आहे. त्यात ना पेढी आहे, ना टाक. आणि वसईकरांनाही एक सांगायला हवं. नगरच्या माणसाला 'तुमच्याकडे मेलेल्यांची काही माया नाही' असं म्हणू नका. काका दर वर्षी काकूच्या कबरीचा चुना स्वतः लावतात. तोंडानं काही म्हणत नाहीत इतकंच.

म्हणून इथली शांतता उचलून तिकडे न्यावी, असंही मला वाटत नाही. ती स्वस्त नाही, पण थोडी रिकामी आहे. २०२२ पासून दोन्ही चर्चचे सभासद मिळूनही जर्मनीच्या निम्म्या लोकसंख्येच्या खाली गेले आहेत. माझ्या ऑफिसात मी पर्गेटरीचा विषय काढला तर एक जण म्हणाला, "त्याचं काय अजून?" त्याला फुग्गरायचं भाडं माहीत होतं, प्रार्थनेची अट नाही. हे ऐकून मला काका आणि सासूबाई यांच्यातली ती ओटीवरची पाच मिनिटं फार श्रीमंत वाटली. दोघांनाही मेलेला माणूस कुठं आहे याची पडलेली होती.

इथले लूथरपंथी २ नोव्हेंबर पाळत नाहीत. त्यांचा मृतांचा रविवार ख्रिसमसआधीच्या आगमनकाळाच्या आदल्या रविवारी येतो. प्रशियाच्या राजानं १८१६ साली लावून दिलेला. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, एकेका नावाला एकेक मेणबत्ती. मी पाळकबाईंना विचारलं, भारतातल्या एका कॅथलिक माणसाचं नाव चालेल का? त्यांनी स्पेलिंग लिहून घेतलं, दुसरं काही विचारलं नाही. रविवारी त्यांनी सासऱ्यांचं पोर्तुगीज आडनाव अगदी बरोबर उच्चारलं आणि नंदाखाल या गावाच्या नावाला अडखळल्या. बायको रडली. मी त्या मेणबत्तीचा फोटो काढून वसईला पाठवला आणि नगरलाही.

सासूबाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. काकांनी रात्री उशिरा लिहिलं, "हे स्मरण, की प्रार्थना?"

अजून उत्तर दिलेलं नाही. ख्रिसमसला फोन झाला तेव्हा त्यांनी परत विचारलं नाही. सासूबाईंना सुपारी कुठली आवडते, एवढं विचारून ठेवलं.